निवळ

त्या उन्हाळ्यात स्कारवत्नचं पाणी इतकं निवळलं
की ओनुनच्या आज्याची बुडालेली होडी
तळाशी दिसायला लागली,
वल्ह्यांच्या कड्यांसकट.
शहरातून माणसं आली फोटो काढायला.
नॉर्वेत असं तळं नाही, म्हणाली,
आणि काठावर सँडविच खाऊन गेली.

ओनुनची वही:
१९५१. ट्राउट एकशे चाळीस. बहुतेक वीतभर.
१९५८. एकसष्ट.
१९६४. एकोणीस. पण केवढाले!
गावात बोलणं झालं, तळ्याला बरकत आलीय,
एकेक मासा कोपरापर्यंत भरतो.
पोरंटोरं कुठायत
हे कुणी विचारलं नाही.

बर्फ पडायचा राखाडी.
समुद्रापलीकडच्या धुराड्यांचं सगळं
त्यात महिनोन्महिने साठून राहायचं
आणि एप्रिलात, एकाच आठवड्यात,
आंबट होऊन उतरायचं खाली,
नेमकी पिल्लं खड्यांतून डोकं काढायची तेव्हा.
वाटेत डोंगराच्या मातीतलं अल्युमिनियम सोबत घेऊन.
आपण हंड्यात तुरटी फिरवतो ना,
तशी कुणीतरी डोंगरभर फिरवली.
गाळ बसला.
कल्ल्यांवरही बसला.
भर पाण्यात मासे
काठावर फेकल्यासारखे तोंड वासून.

शेवटची मादी एकोणसत्तरला. साडेतीन किलो.
सिग्नेनं पोट चिरलं तर आत
मागच्या सालची अंडी, टाकलीच नव्हती,
वाळल्या वाटाण्यासारखी टणक.
तिनं ती मांजरालाही घातली नाहीत.
ओनुनने वही फडताळात ठेवली
आणि जाळं शेजारच्या कोंबड्यांना कुंपण म्हणून दिलं.

पुढे कधीतरी सरकारी पोती आली.
त्यांचा तुर्लाइव्ह होडीतून
फावड्यानं चुनखडी फेकतो,
भुवया पांढऱ्या, ओठ फुटलेले,
दर वर्षी, कारण दर वर्षी बर्फ पडतो.
तळ्याला चुना लावतोय, म्हणायचं तर म्हणा;
खरा चुना लावणारे
कधीचे लावून गेले, तळं न बघताच.

ओनुन आता नाही.
परवा सिग्ने धक्क्यावर ओणवी झाली,
गुडघ्याला हात देत.
होडी दिसेना.
पाणी हिरवट, काहीतरी वळवळणारं,
चष्मा पुसला तरी तसंच.
ती बराच वेळ तिथेच, कॉफी थंड होऊन गेली.

मग फडताळातली वही काढली,
तारीख घातली,
आकड्याच्या जागी लिहिलं
गढूळ.