तिसरं काम

हडर्सफील्डच्या चढावर, काळ्या दगडाच्या घरात
मिसेस ओल्ड्रॉइड माझ्यासमोर बसल्यात, अंगात कोट घालून.
भिंतीवर आमचं नवं यंत्र: काचेची चकती.
बोट फिरवलं की घर गरम होतं.
होतं म्हणजे, आमच्या ऑफिसात होतं.

कॅमेरा चालू. संमतीपत्रावर सही झाली.
बिस्किटं तर सहीच्याही आधी आली.
दोन कामं त्यांनी केली. मग तिसरं:
'संध्याकाळी सहाला वीस अंश हवेत, असं लावून दाखवा.'

आता मी गप्प राहायचं. याचाच मला पगार.
सुचवायचं नाही, मान डोलवायची नाही,
त्यांनी विचारलंच तर उलट विचारायचं,
'तुम्हाला काय वाटतं?'

त्या काच चाचपतात.
बत्तीस वर्षं या बोटांनी गिरणीत कापड तपासलं;
सुटलेला धागा, आत दडलेली गाठ
डोळ्यांआधी यांना कळायची.
काच बोटांशी काहीच बोलत नाही.
सगळीकडून सारखीच गुळगुळीत,
साहेबाच्या उत्तरासारखी.

अहो, खाली. डावीकडे. तो करडा ठिपका.
सगळं जिभेच्या टोकावर येऊन बसलंय, तेही मराठीत.
मी वहीत लिहिते: चार मिनिटं, दहा सेकंद.
लिहिते: उसासा.
लिहिते: 'सॉरी हं, मी जरा मठ्ठच आहे.'
हे वाक्य या आठवड्यात अकराव्यांदा,
अकराव्या घरात.
यंत्राला अजून कुणी मठ्ठ म्हणालेलं नाही.

सातव्या मिनिटाला त्या
कोटाचं वरचं बटण लावतात
आणि म्हणतात, 'तशी काही फार थंडी नाहीये.'

काम तीन: अपूर्ण.

निघताना गिफ्ट व्हाउचर दिलं, आभार मानले
आणि त्यांच्याच दाराशी अडकले.
ढकललं. ओढलं. मूठ फिरवली, उलटी फिरवली.
त्या क्षणभरसुद्धा गप्प राहिल्या नाहीत.
'जरा उचलायचं, मग ओढायचं, पोरी.
सगळ्यांचं होतं असं. दारच तसलं आहे.'

बसमध्ये वही उघडली.
'अपूर्ण'च्या पुढे एक रकाना असतो: कारण.
तिथे लिहिलं,
दारच तसलं आहे.

उद्या साहेब विचारतील, कुठलं दार?