एल्बो

बोहरी आळीत काउंटरवर कोपर टेकून
बाबा म्हणायचे, "चार येल्बो, अर्धा इंची, जीआयचे."
फैजुल्लाभाई खोक्यात हात घालायचे
आणि वाकड्या लोखंडाचे चार तुकडे
फळीवर ठण् ठण् पडायचे.
मी सात-आठ वर्षांची.
शब्दाचा अर्थ एवढाच :
पाणी वळतं ती जागा.

बाबांना इंग्रजी येत नव्हतं.
पिशवी मात्र इंग्रजीनेच जड :
सॉकेट, टी, रेड्यूसर, युनियन.
सगळ्यांना सफेदा फासून, ताग गुंडाळून
त्यांनी घरचं करून टाकलेलं.

आई मंडईच्या पायरीशी गजरे विकायची.
माप म्हणजे तिचा हात,
कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.
गिऱ्हाईक कुरकुरायचं, "मावशी, हात आखूडला तुमचा."
ती दोन कळ्या जास्त सोडायची,
पण कोपरखळी मारल्याशिवाय नाही :
"नवऱ्याला आणा मोजायला. बघू त्याचा केवढा."

मग पर्वतीच्या पायथ्याला, एका सोसायटीत,
बाबा गच्चीवरच्या टाकीवरून पडले.
ससूनमधल्या पोरसवदा डॉक्टरने
काळी फिल्म खिडकीकडे धरली :
"एल्बो गेलाय."
बाबांनी दात आवळून विचारलं,
"अर्धा इंची का पाऊण?"

डॉक्टर हसला नाही.
मला त्या दिवशी कळलं
की हा शब्द नळाच्या आधी माणसाचा होता.

हात नव्वद अंशांत राहिला तो राहिलाच.
"फिटिंग जाम," म्हणायचे.
सेक्रेटरी भरपाईची फाइल पुढच्या सोमवारवर ढकलत गेला.
अकरा महिने कोपराला गूळ.
मऊ लागलं की कोपराने खणतात माणसं.
शेवटी आईने त्याला कोपरापासून हात जोडले
आणि पाटी उचलून पुन्हा मंडई गाठली.

आता मी बाणेरला, काचेच्या इमारतीत,
पंप-मिक्सरची माहितीपत्रकं मराठीत आणते.
परवा शेजारच्या टेबलावरच्या अनिकेतने
'एल्बो ग्रीस'चं केलं : कोपराचे वंगण.
मी खोडून लिहिलं : जोर लावून घासा.
मग उगीच वाटलं, त्याचंच बरोबर होतं.
असतं ते वंगण. बाबांच्या बंडीला त्याचा वास यायचा.

'एल्बो रूम'वर मात्र मी अडले.
दांडेकर पुलाजवळची आमची खोली दहा बाय दहा,
बाबांचा न मिटणारा हात,
आणि त्या हाताच्या कोनात
पाय पोटाशी घेऊन झोपलेली मी.
याला काय लिहू? ऐसपैस?

म्हणून जाड कोश काढला.
जुना शब्द, दोन तुकड्यांचा.
पहिला : हात, कापड मोजायचा.
दुसरा : बाक, धनुष्याचा असतो तसा.
मी कोश मिटून
लिफ्टजवळच्या नळावर नुसतीच उभी राहिले.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले,
"म्हणजे एवढी वर्षं मी दुकानात
लोकांची कोपरं मागत होतो?"

आईची बोटं आता सांध्यांनी धरलीत, सरळ होत नाहीत.
संध्याकाळी बाबा तिच्या शेजारी बसतात,
पाटीवर हात आडवा धरून, तसाच, नव्वद अंशांत.
ती गजऱ्याचं टोक त्यांच्या कोपराला लावते
आणि बोटांपर्यंत नेते.

गिऱ्हाईक कुरकुरत नाही हल्ली.
बाप्याचा हात. चार कळ्या जास्तच.