एकशे दहा ग्रॅम

काउंटरवर तीन भाव सांगायचे असतात.
कंपनीचा, अकराशे साठ.
दिल्लीचा, सहाशे.
आणि बाहेरचा, तीनशे चाळीस,
ज्याच्या डब्यावर काय लिहिलंय
हे अख्ख्या बीडात कोणाला वाचता येत नाही.
चित्र तेवढं झकास असतं.

मुथ्था शेठ म्हणतात, तिसरा भाव आधी सांगत जा.
पहिल्या आकड्यालाच गिऱ्हाईक बसतं किंवा उठतं.

नऊ वर्षं झाली, माझ्या हाताला कळतं.
तरी एका रिकाम्या दुपारी
शेजारच्या बांगरांच्या किराण्यात
शेंगदाण्याची फोलं झटकून
दोन्ही बॉल जॉइंट तराजूत टाकले.
कंपनीचा पाचशे वीस.
बाहेरचा चारशे दहा.
बांगर म्हणाले, "मी एवढं मापात मारलं असतं
तर लोकांनी दुकान पेटवलं असतं माझं."
हसलो दोघं.
चहा मागवला.

खाजा नवाबनं पोळ्याच्या आसपास नेला होता तिसरा भाव.
"सध्या हाच दे, दिवाळीला चांगला टाकू."
विष्णू मिस्त्रीच्या हातून बसेना,
मग कानस मारून बसवला.
मारता मारता शिव्या घातल्या,
कोणाला, ते कळलं नाही.

परवा सांजच्याला त्याच खाजाची काळी-पिवळी.
नऊची गाडी, चौदा माणसं.
मी मागच्या आडव्या सीटवर,
मांडीवर कोणाची तरी मेथीची पिशवी.
मांजरसुंब्याच्या घाटात
पहिल्या वळणाला:
कट्.

कोणी ऐकलं नाही.
बायका कुठल्याशा लग्नातल्या मानपानावर बोलत होत्या.
रबराचा बूट फाटला की ग्रीस जातं,
ग्रीस गेलं की धूळ शिरते,
धूळ शिरली की गोळी वाटीत खेळायला लागते.
हे मी गिऱ्हाइकाला सांगत नसतो.
विचारलं तर सांगेन.
कोणी विचारत नाही.

कट्. कट्.

एकशे दहा ग्रॅम म्हणजे
मूठ-दोन मूठ फुटाणे.
कुठं गेले असतील?
समुद्रापलीकडं एखाद्या भट्टीपाशी
माझ्याच वयाचा कोणी उभा असेल,
घामानं चिंब,
त्याला त्याच्या शेठनं सांगितलं असेल,
साचा जरा लहान घे.
त्यालाही हाताला कळलं असेल.
त्यानंही चहा मागवला असेल.

"खाजा, गाडी बाजूला घे."
"काहून? उलटी व्हायलीय का कोणाला?"
"घे म्हणलं ना."

मोबाइलच्या उजेडात खाली वाकलो.
बूट उभा चिरलेला.
जॅकवर घेऊन चाक हातानं हलवलं
तर हललं,
पडायला आलेल्या दातासारखं.
खाजा म्हणाला, "मागं बसून तुला कसं कळलं रे?"
चौदा तोंडं माझ्याकडं.
"मीच दिला होता," म्हणालो,
नेमका तेव्हाच उसाचा ट्रक गेला,
म्हणून दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

आता काउंटरवर जुना पारड्यांचा तराजू आहे.
शेठला सांगितलं, नट-बोल्ट किलोवर द्यायला.
भाव तिन्ही सांगतो, शेठ म्हणतात त्याच क्रमानं.
फक्त आधी नग पारड्यात ठेवतो
आणि गप्प राहतो.
दहातले सहा तरी हलकाच उचलतात.
एका म्हातारबांनी तर विचारलं,
"हलका बरा की! गाडी ॲव्हरेज देईल?"
खरंच विचारत होते ते.

खाजानं कंपनीचा नेला, सहाशे रोख, बाकी उधार.
त्याचा निकामी नग मी मागून घेतला.
तो डाव्या पारड्यात कायमचा ठेवलाय.
उजव्यात कंपनीचा ठेवला
की पारडं काउंटरला टेकतं.
बाहेरचा नवाकोरा, डबा फोडून, चकचकीत ठेवला
की काटा थोडा हलतो,
मग मधोमध थांबतो.