पाठपुरावा

शेफिल्डच्या या टेकडीवर डिसेंबरात चारलाच दिवे लागतात.
माझ्यापुढे एकशे चौदा नावं,
प्रत्येकाच्या पित्ताची वाट वीसेक वर्षांपूर्वी
मिस्टर ऑलरॉइडनी वळवलेली.
(इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत.
मला हे कळायला वर्ष गेलं.)

नळी बुजली की आतड्याचा वेढा वर ओढायचा,
यकृताच्या उंबऱ्याशी शिवायचा.
बाबा रात्री कंदील घेऊन दारं धरायचे,
एक बांध फोडायचा, दुसरा घालायचा,
पाणी मुकाट वळायचं.
सकाळी ते कुठवर पोचलं,
हे बघायला दुसरंच कुणी जायचं.
इथे ते मी बघते, फोनवरून.

कावीळ? ताप, थंडी वाजून?
खाज? रात्रीची?

डोरीन पिकरिंग: अगदी ठणठणीत, गुरुवारी नाचायला जाते.
एक नंबर आता पिझ्झाच्या दुकानाचा.
एका घरी बाई थांबतात, मग म्हणतात,
तुम्हाला आमचं पत्र नाही का मिळालं?
रकान्यात बारा अक्षरं मावतात.

क्लिफर्ड ओल्डनॉ, ट्रामचे निवृत्त चालक,
त्यांना मात्र वेळच वेळ.
वर्षातून दोनदा हुडहुडी भरते,
लघवी बिनदुधाच्या चहासारखी.
गोळ्या फ्रिजच्या दारात, अंड्यांशेजारी.
बायको खिडकीशी नेऊन
खालची पापणी ओढून बघते,
"नोट खरी का खोटी बघावी तशी."

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं,
असं आमच्याकडे म्हणतात.
प्रश्नावलीत नव्हतं, तरी विचारलं.
"छे. जग असतं तसंच दिसतं.
जगाला मी पिवळा दिसतो."

जुन्या केसपेपरवर मिस्टर ऑलरॉइडचं किरटं अक्षर:
धार चांगली. बघू.
बघायला ते राहिले नाहीत.
निकालाचे वर्ग चार. दोन ताप म्हणजे मध्यम.
मी हे वाचून दाखवत नाही.

"उरलो किती आम्ही?"
सांगायची परवानगी नाही, म्हणून
मी कागद उगाच सरकवते. त्यांना ते ऐकू जातं.
"म्हणजे गाडीत बसायला जागा झाली तर."
हसतात. खोकतात. मी खोकला लिहीत नाही,
त्याला रकाना नाही.

"पुढच्या डिसेंबरात करशील ना फोन?"
अभ्यास मार्चमध्ये संपतोय.
मी हो म्हटलं
आणि नंबर माझ्या डायरीत उतरवला,
बॉयलर दुरुस्त करणाऱ्याच्या खाली.