सत्ताविसावा फोटो

ओढ्यापलीकडच्या रोमा वस्तीत
नऊ कॅमेरे वाटले मी, प्रत्येकात सत्तावीस फोटोंचा रोल.
म्हटलं, दिसेल ते टिपा.
मनात मात्र चिखल होता माझ्या,
अनवाणी पोरं, गंजके पत्रे,
पूर्व स्लोवाकियाचा तो ठरलेला करडा हिवाळा.

अरांकानं आणलं ते असं:
इस्त्री केलेला पडदा.
तोच पडदा, जरा जवळून.
बाबांचे बूट, उद्याच्या मुलाखतीसाठी घासूनपुसून.
न थांबता गेलेल्या शाळेच्या बसची पाठ.
"नंबर वाचता येतोय ना? मुद्दाम घेतलाय."

चिखल कुठेच नाही.
विचारलं, तर म्हणाली,
"तो आहे की तुमच्या सगळ्यांकडे."

शेवटचा फोटो नुसता काळा.
मी तो वाया गेलेल्यांत सारला.
तिनं उचलून परत टेबलावर ठेवला.
"वीज तोडली ती रात्र आहे ही.
हा डावीकडे देझिदेर मामा, गालाला फडकं बांधून,
दाढ दुखत होती त्याची.
ही आई.
कुणीतरी काहीतरी बोललंय
आणि आम्ही हसतोय.
फ्लॅश मारला असता
तर सगळे शहाण्यासारखे बसले असते."

गावच्या ग्रंथालयात तो मधोमध लागला.
पहिल्या दिवशी महापौर त्याच्यापुढे थांबले,
चष्मा पुसला, पुन्हा पुसला,
आणि बसच्या फोटोकडे न बघता निघून गेले.

मी आठवडाभर रोज जातोय.
मामा सापडलेत.
आई अजून नाही.