दोन कॉटांच्या मधली जागा

यादी लागली तेव्हा मी
प्रतीक्षेत अडतिसावा होतो.
ती छत्तीसपर्यंत सरकली
आणि लाइट गेल्यावरच्या पंख्यासारखी
हळूहळू थांबली.

धनपाल म्हणाला, "चाल बे, त्रेचाळीसमध्ये ये."
दोन कॉट, दोन टेबलं, एक खिडकी,
दरवाज्यामागे टॉवेलांसाठी दोन खिळे,
आणि कॉटांच्या मधे पावणेतीन फूट फरशी.
ती माझी.

आमच्यासारख्यांना होस्टेलात एक शब्द आहे, पॅरासाइट.
झूलॉजीच्या पोरांनीही तो
इतक्या मायेनं कधी उच्चारला नसेल.
"रूममध्ये किती?"
"दोन अन् एक पॅरासाइट."
जसं, दोन पोळ्या अन् एक लोणचं.

भाडं कुणी ठरवलं नाही, ते ठरलं:
कूलर मी भरायचा.
नागपूरच्या मे महिन्यात हे लहान काम नव्हे.
नळ रात्री दीडला येतो, तळमजल्यावर,
आणि येण्याआधी खोकतो.
छत्तीस पायऱ्या, सहा बादल्या.
सहावीला ताट्या ओल्या होतात,
खोलीत भिजल्या पोत्याचा वास पसरतो
आणि बिरजू झोपेतच म्हणतो,
"आता राहण्याजोगं झालं नागपूर."

बिरजू उसेंडी, भामरागडच्याही पलीकडचा.
सुट्टीवरून आला की पहिला दिवस
कुणाशीच बोलत नाही.
"मराठीत यायले टाइम लागते," म्हणतो.
बसनं जेवढा लागतो, त्याहून जास्त.

डबे दोन, जेवणारे तिघं.
शेवटची पोळी कुणाची, हे कधी बोललो नाही.
ती रोज उरायची,
झाकणाखाली, एकटी,
आणि साडेअकराला रोज नसायची.
अजूनही आम्ही एकमेकांवर संशय घेत नाही.

आई फोनवर विचारायची, "हवा येते का खोलीत?"
येते.
"पलंग आहे?"
आहेत ना, दोन आहेत.

बोंदरे सर तपासणीला यायचे
ते अगोदर गजभिये काकांच्या काठीत यायचे.
जिन्याच्या कठड्यावर तीन ठोके,
मग प्रत्येक मजल्यावरून
काखेत चादर मारून आम्ही निघायचो,
मागच्या भिंतीवरून, थेट रवीनगर चौक.
एका रात्री बंद दुकानाच्या पायरीवर मोजलं: अकरा.
चौघं एमपीएससीचे,
एक पीएचडीचा, ज्याचा गाइड त्याला ओळखत नव्हता,
आणि गोंदियाचा टिकाराम,
जो कोणत्या वर्षाला आहे हे विचारायचं नाही असा नियम होता.
कुणी जोक केला नाही, कुणी क्रांतीबिंती बोललं नाही.
पोह्यांची गाडी किती वाजता लागते
आणि तर्री दुसऱ्यांदा मागितली तर देतो का,
यावर दीड तास चर्चा झाली.

चारला काका स्वतः सायकलवर आले.
"चला पोरं हो, साहेब गेले."
पीएचडीवाल्यानं विचारलं, काका, त्यांना काय सांगता?
"सांगतो, मले कोणाचं नाव माहीत नाही.
म्हणून तर तुमाले कधी विचारत नाही.
आपल्याले खोटं बोलता येत नाही."

पुढच्या ऑगस्टात नाव लागलं.
खोली सतरा, कॉट ब, पावतीसकट.
चादर अंथरली. पडलो.
फरशीपेक्षा दीड फूट वर
झोप इतकी पातळ असते, माहीत नव्हतं.
डावीकडून बिरजूचा लोंबता हात नाही,
उजवीकडून धनपालचं झोपेत सूत्रं पुटपुटणं नाही.
सामनेवाला कानात इअरफोन घालून
भिंतीकडे तोंड करून झोपलेला,
त्याला अजून मी माहीत नव्हतो.

दीडला नळ खोकला.
उठलो.
कूलर कधीचे माळ्यावर गेलेले,
भरायला काही नव्हतं.
तरी बादली घेऊन खाली उतरलो.

काका रजिस्टर उघडून बसले होते.
चष्मा वर केला, पेन शोधलं,
आणि पहिल्यांदा विचारलं,
"नाव काय गा तुहं?"

मी सांगितलं, पूर्ण, आडनावासकट.
त्यांनी सावकाश लिहिलं.
एक काना जास्त पडला.
राहू दिला.