सातवा टेक

हल बंदरामागे मासे धुरवायची जुनी वखार होती,
तिच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकून
ग्रिमशॉसाहेबांनी स्टुडिओ केला.
गाणी आत आली, वास बाहेर गेला नाही.
एकाहत्तरचा नोव्हेंबर. मी एकोणीसची.
हुद्दा टेप ऑपरेटर;
काम निम्मं टेपचं, निम्मं चहाचं.

दारावरचा लाल दिवा त्या दिवशी गेला होता.
दिवा विझलेला म्हणजे आत या, असा नियम.
म्हणून मी गेले,
हातात कपबशी, कोपराने दार ढकलत,
आणि आत सातवा टेक चालू.

लेनी स्केल्टन डोळे मिटून उभा, अनवाणी
(बूट करकरायचे, म्हणून काढायला लावलेले).
दुसरं कडवं संपलेलं, गिटार यायची होती,
मधे चार मात्रांची मोकळी जागा,
तिथे कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं.
मी केबलला अडखळले.
चहा उकळता होता.

तो जे ओरडला
त्यात बाराखडीतलं एकही अक्षर नव्हतं.
पोटातून निघालं, वर चढलं,
टोकाला जाऊन टर्रकन फाटलं,
आणि त्या फाटलेल्या जागेतूनच
त्याने पुढची ओळ धरली, सूर न सोडता,
एका पायावर.
ड्रमवरचा नेव्हिल गदगदून हसत होता, पण ठेका चुकला नाही.
काचेपलीकडे ग्रिमशॉसाहेबांचं बोट ओठांवर.
गाणं संपेपर्यंत मी रिकामी बशी छातीशी धरून उभी.

नंतर साहेब एवढंच म्हणाले,
"हे राहू दे. आणि दिव्याचं बघ."

मग जगाने ते ऐकलं.
कुणी लिहिलं, समुद्रावर गेलेल्या,
न परतलेल्या बापासाठी हा हंबरडा.
(लेनीचा बाप टपाल खात्यात होता. धडधाकट.)
एका प्राध्यापकाने सोळा पानं खर्ची घातली.
आणि एका बाईचं पत्र आलं:
मुलगा गेल्यापासून मी रोज सुई तिथेच ठेवते,
फक्त तिथे.
ते पत्र लेनीने मला वाचायला दिलं.
त्यानंतर आम्ही चहाबद्दल बोललो नाही.

बिचारा. मंचावर रोज त्याला तेच हवं असायचं.
लोक पैसे मोजून त्या चार मात्रांची वाट पाहायचे.
तो ओरडायचा, उत्तम ओरडायचा,
पण त्यात ओरडायचं ठरवलेलं असायचं.
ब्रॅडफर्डला एकदा, चेष्टेत की खरंच, देव जाणे,
विंगेत माझ्या थर्मासकडे पाहून म्हणाला,
"डोरीन, जरा सांडतेस का?"
नाही सांडला मी.
अजून कधीकधी वाटतं, सांडायला हवा होता.

आता लेनी नाही.
लीड्सला फ्रेया नावाची मुलगी, माझ्या नातीच्या वयाची,
जुन्या टेपा स्वच्छ करते.
आधी त्या मंद आचेवर भाजाव्या लागतात म्हणे, बिस्किटांसारख्या.
तिने मला हेडफोन दिला.
गिटार बाजूला केली, ड्रम बाजूला केले,
उरला एकटा लेनी आणि त्या खोलीतली हवा.

"ओरडण्याच्या आधी बारीकसं काहीतरी आहे,
अर्ध्या सेकंदाचं. काढून टाकू?"

ऐकलं.
बशीवरून कप घसरल्याची किणकिण
आणि तिला लागूनच एक "अ",
नुसता आत ओढलेला श्वास, मुलीचा.
पन्नासएक वर्षं तो आरोळीच्या उंबऱ्यावर उभा,
दिवा विझलेला, तरी आत न आलेला.
त्या बाईनेही ऐकला असेल,
रोज, सुई टेकवताना.

फ्रेयाचं बोट बटणावर.
मी म्हटलं, पुन्हा लाव.
मग म्हटलं, अजून एकदा.
तिने विचारलं, चहा आणू?
म्हटलं, नको गं. इथे नको, यंत्रं आहेत.